खिंडीत उभा केलेला माणूस

तो गृहस्थ पहिल्यांदा आमच्या स्टुडिओत आला तेव्हा त्याने आपलं नाव सांगितलं नाही आणि ह्यांनीही ते विचारलं नाही. मला ती गोष्ट तिथल्या तिथे खटकली. आमच्याकडे गोदावरीत बुडी मारून ओल्या केसांनी फोटो काढायला येणारा यात्रेकरूसुद्धा आधी नाव, मग गाव आणि मग मुलाचं लग्न कुठे ठरतंय इथपर्यंत सगळं सांगून मोकळा व्हायचा. हा माणूस टोपी हातात घेऊन उभा राहिला, भिंतीवरच्या तसबिरी बघितल्या आणि म्हणाला, "माणसांचे फोटो नकोत. डोंगरांचे हवेत."

पंचवटीत, भाजीबाजाराकडून आत शिरणाऱ्या गल्लीत आमचा स्टुडिओ होता. छपराचा एक भाग काचेचा करून घेतला होता, म्हणजे वरून सारखा उजेड यावा. पडद्यामागे खिडकीशी माझी जागा. फोटो काढणं यांचं काम आणि काचेच्या प्लेटांवर पेन्सिल चालवणं माझं. देवीचे व्रण बुजवायचे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं उजळायची, नवरीच्या कपाळावरची आठी घालवायची. दिवसभर लोकांचे चेहरे उलटे धरून बघायचे म्हटल्यावर माणूस थोडा संशयी होतोच. मी तर आधीपासूनच होते.

डोंगराचं नाव काढताच यांचा चेहरा खुलला. माणसांचे चेहरे काढून काढून हे कंटाळून गेले होते. सवड मिळाली की कॅमेरा पाठीला बांधून कुठेतरी निघायचे, कधी अंजनेरी, कधी चांदवडच्या रांगा. एकदा मलाही सुरगाण्याच्या बाजूला नेलं होतं. तिथल्या बायका कॅमेरा दिसताच नागलीच्या शेतात बसून लपल्या होत्या आणि आम्ही जाईपर्यंत उठल्या नव्हत्या. पण या हौसेला गिऱ्हाईक असतं हे आम्हाला माहीत नव्हतं.

"घोटीपलीकडे धरणाचं पाणी डोंगरात जिथे शिरतं," गृहस्थ सांगत होता, "तिथे वरच्या अंगाला एक खिंड आहे. तिचे फोटो हवेत. समोरून, मागून, पाण्याच्या बाजूने. स्वच्छ उन्हात. आणि खिंडीत मधोमध एक माणूस उभा करा."

"माणूस कशाला?" मी पडद्यामागून विचारलं.

तो दचकला. आत कुणी बसलेलं आहे हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. "उंचीचा अंदाज यावा म्हणून," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून ह्यांना म्हणाला, "गाड्या कुठवर जातात तेही बघून या. सपाट जागा किती आहे, उन्हाळ्यात पाणी किती हटतं, चौकशी करा. आणि हे काम कुठे बोलू नका."

तो गेल्यावर मी बाहेर आले. "देखाव्याच्या फोटोत पाणी किती हटतं ते कशाला हवं?"

"त्याच्या मर्जीचा प्रश्न आहे," हे म्हणाले. "आपल्याला काय करायचंय?" आणि भिंगं पुसायला लागले. भिंगं सकाळीच पुसून झाली होती.

मी त्या दिवशी ठरवलं, या खेपेला आपणही बरोबर जायचं. हे नको म्हणाले. मी म्हटलं, बाईमाणूस बरोबर असलं की खेड्यात लोक कमी बिचकतात. ते खरंच होतं, म्हणून त्यांना नाही म्हणता आलं नाही.

दिवाळी सरून थंडी पडली होती. नाशिकरोडहून आगगाडीने घोटीला उतरलो आणि पुढे बैलगाडी केली. भात कापून झालं होतं, खाचरांतून नुसती बुडखं उभी होती. एका वळणावर पाणी दिसलं. एवढं पाणी मी तोवर एका जागी पाहिलं नव्हतं. नदी असते तर ती कुठेतरी जात असते. हे नुसतं डोंगरांच्या पायांशी पसरून होतं. पलीकडे कळसूबाईची रांग निळी दिसत होती आणि तिचं प्रतिबिंब पाण्यात जसंच्या तसं उतरलं होतं. हे गाडीतून उडी मारून उतरले आणि पाण्याकडे बघत उभे राहिले. गाडीवान मात्र आमच्या सामानाकडे बघत होता. कॅमेऱ्याची लाकडी पेटी, प्लेटांची पेटी, काळं कापड आणि तीन पायांची घोडी.

"ही घोडी कशापायी?" त्याने विचारलं.

"कॅमेरा ठेवायला," हे म्हणाले.

गाडीवानाने बैल हाकले. पण गाव दिसायला लागल्याबरोबर त्याने बैल थांबवले, सामान खाली ठेवलं आणि बैलांना पाणी पाजायचं निमित्त करून गाडी वळवली ती परत आणलीच नाही.

गाव उतारावर होतं. घरं जुन्या पद्धतीची पण फार जुनी नव्हती. हे धरणाच्या पाण्यातून उठवून वर आणलेलं गाव होतं. ते आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की विहिरीवरच्या बायका आम्हाला बघून गप्प झाल्या. मी पाणी मागितलं तर एकीने कळशी पलीकडच्या हाताला घेतली. आम्ही खिंडीकडे चालू लागलो तसे मागून चारदोन माणसं चालू लागली, मग आणखी काही. खिंडीखालच्या माळावर ह्यांनी घोडी उभी केली, तेव्हा अर्धं गाव आमच्या भोवती होतं.

पाटील पुढे आले. वयस्कर, सडसडीत, हातात काठी. त्यांनी काठीने घोडीच्या एका पायाला टोचलं.

"काय मोजताय?"

"काही मोजत नाही. फोटो काढतोय. देखावे."

"मागच्या खेपेलाबी अशीच घोडी आली व्हती," पाटील म्हणाले. "वर पितळंची दुर्बीण. तवाबी म्हनले, काय नाय, बघतोय नुसतं. मग खुंट्या ठोकल्या. खुंट्यांमागनं भिंत आली, भिंतीमागनं पानी आलं."

"ही दुर्बीण नाही. बघा तुम्हीच."

ह्यांनी काळं कापड उचलून पाटलांना आत बोलावलं. यांना वाटलं, एकदा आतलं चित्र पाहिलं की शंका फिटेल. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर सगळं उलटं दिसतं हे यांच्या इतकं सवयीचं झालं होतं की सांगायचंच राहून गेलं. पाटील कापडाखाली गेले आणि लगेच बाहेर आले. त्यांचा चेहरा बदलला होता.

"डोंगर खाली, पानी वर," ते लोकांकडे वळून म्हणाले. "यांनी आधीच बुडवून ठिवलंय."

एकाने घोडी उचलली. दुसऱ्याने प्लेटांची पेटी हातात घेतली. हे ओरडले, "अहो, काच आहे ती!" त्या ओरडण्याने तर लोकांची खात्रीच पटली की पेटीत काहीतरी मोलाचं आहे. मी पेटीवर दोन्ही हात ठेवून मध्ये उभी राहिले. बाईच्या अंगाला हात कसा लावायचा म्हणून तो माणूस थांबला.

गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. पाटलांची थोरली बहीण होती, हे तिच्या बोलण्यावरून समजलं, कारण ती त्यांना सगळ्यांदेखत "मागं व्हय" म्हणाली आणि ते झाले. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं.

"पोरी, तुझा दादला खरं बोलतोय का?"

मी यांच्याकडे बघितलं. हे डोळ्यांनी मला हो म्हणायला सांगत होते. मला तो गृहस्थ आठवला, त्याची हातातली टोपी आठवली, खाली आणलेला आवाज आठवला.

"मला ठाऊक नाही, आजी," मी म्हटलं. "एका माणसाने काढायला सांगितलेत. तो कशाला सांगतोय ते मलाही समजलेलं नाही. तेच बघायला मी आलेय."

यांचा चेहरा लाल झाला. पण म्हातारीने मान हलवली. "ही बाय खरं बोलतेय," ती पाटलांना म्हणाली. "काढू दे. मी हितं बसून ऱ्हाते. एक खुंटी जरी जमिनीत गेली तरी हाक मारते."

आणि ती खरोखर घोडीशेजारी फतकल मारून बसली.

पुढची अडचण खिंडीत माणूस उभा करण्याची होती. गावातलं कुणी तयार होईना. खिंडीत जो उभा राहील त्याचं शेत आधी बुडणार, असं कुणीतरी म्हणालं आणि मग तरणीताठी पोरंही मागे सरली. हे स्वतः कॅमेऱ्यामागून हलू शकत नव्हते. शेवटी मीच निघाले. लुगडं वर खोचलं आणि दगडांवरून चढत खिंडीत मधोमध जाऊन उभी राहिले.

वर वारा होता. खालून हे हाताने खुणा करत होते, थोडं डावीकडे, थोडं मागे. मी वळून पलीकडे पाहिलं. त्या अंगाला एक लहानसं खोरं होतं, वाटीसारखं. भाताची खाचरं, उतारावर नागलीची पट्टी, दोनचार झाप, म्हणजे कुडाच्या झोपड्या, एका झापावरून निघणारा धूर. अलीकडे पाणी, पलीकडे हे खोरं आणि मध्ये मी. या जागी भिंत घातली तर काय बुडेल ते मला अगदी स्पष्ट दिसत होतं. तिथे उभी असताना माझ्या मनात आलं की, मी मोजपट्टीचं काम करतेय आणि माझ्याच नवऱ्याने मला इथे उभं केलंय.

फोटो झाल्यावर आम्ही परत निघालो. "मला खोटं पाडलंस," एवढंच हे घोटीच्या स्टेशनावर म्हणाले.

"तुम्ही खरं बोलत होतात का?"

तेवढ्यात गाडी आली.

प्लेटा धुतल्या, छाप काढले. फोटो सुंदर आले होते, ते कबूल केलंच पाहिजे. पाण्यावरचा उजेड, त्यामागे काळी खिंड आणि खिंडीत मुंगीएवढी मी. त्या दिवसांत तो गृहस्थ आणखी एकदोनदा येऊन गेला. हे त्याला घेऊन घाटावर जायचे. परत आल्यावर मी विचारलं की म्हणायचे, "सहज फिरायला गेलो होतो." नदीकडे फिरायला जायची सवय यांना कधीच नव्हती. मला एकच दिसत होतं. हा माणूस सरकारचा किंवा कुणा मोठ्या कंत्राटदाराचा आहे, आणि हे त्याला सामील झालेत. जेवताना यांना वाढायचे तेव्हासुद्धा मला ते खोरं दिसायचं. मी यांच्या कोटाचे खिसे चाचपले नाहीत, पण कोट खुंटीवर असला की माझी नजर तिकडे जायची.

मग एक दिवस हे लग्नाचा ग्रुप काढायला नदीपलीकडे नाशकात गेले असताना तो गृहस्थ छाप न्यायला आला. मी छाप टेबलावर मांडले, पण हात त्यावरून काढला नाही.

"आधी सांगा," मी म्हटलं. "या खिंडीत किती पाणी अडवणार आहात?"

तो बघतच राहिला. "पाणी?"

"भिंत केवढी घालणार? पलीकडच्या खोऱ्यात माणसं राहतात, माहीत आहे ना?"

त्याने टोपी टेबलावर ठेवली आणि हसत सुटला. मला भयंकर राग आला. मग तो थांबला आणि म्हणाला, "बाई, भिंत कसली? तिथे रथ धावणार आहेत. आम्ही बोलपट काढतोय. पौराणिक. खिंडीत लढाई आहे, तळ्याकाठी राजकन्या आहे. दुसऱ्या कंपनीला जागा कळली तर ते आधी जाऊन बसतील, म्हणून गुपचूप चाललंय." आणि मग, सहज बोलून गेल्यासारखा, "यजमानांनी सांगितलं नाही का तुम्हाला? त्यांना तर पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ते आमच्याबरोबर मुंबईला..." इथे त्याच्या लक्षात आलं आणि तो गप्प झाला.

मी छाप त्याच्या हातात दिले. तो गेला. मी पेन्सिल घेऊन एका प्लेटवर काम करायला बसले आणि दुपारभर एका बाईच्या गालावरचा एकच डाग खोडत राहिले. भिंत नव्हती, खोरं बुडणार नव्हतं, म्हणजे मला हायसं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

हे आले तेव्हा मी पाणी आणून दिलं आणि विचारलं, "मुंबईला कधी जायचंय?"

यांनी पेला तसाच हातात धरला. "त्याने सांगितलं?"

"तुम्ही का नाही सांगितलं?"

"शब्द दिला होता."

"बोलपटाबद्दल दिला असेल. मुंबईबद्दल कुणाला दिला होता?"

हे खाली बसले. कंपनीला स्थिरचित्रं काढणारा माणूस हवा होता. यांचे डोंगराचे फोटो त्या गृहस्थाने कुठेतरी पाहिले होते आणि तो मुळात यांच्यासाठीच आला होता. "तू नको म्हणाली असतीस," हे म्हणाले.

"म्हणाले असते. मग तुम्ही मला समजावलं असतं. त्याऐवजी मला त्या खिंडीत नेऊन उभं केलंत. लोक पेटी फोडायला निघाले होते आणि फोटो कशासाठी ते तुम्हाला माहीत होतं, मला नव्हतं."

पेला खाली ठेवून हे म्हणाले, "मी काय करू सांग."

"आधी त्या गावात जाऊन खरं काय ते सांगा."

आम्ही गेलो. या खेपेला नुसते हातपाय घेऊन गेलो, सामान काही नव्हतं. ह्यांनी चावडीवर बसून सगळं सांगितलं, कंपनी, राजकन्या, रथ. पाटील शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाले, "म्हंजी नाटकवाले."

"तसंच समजा."

"नाटकाला हितं डोंगरात कोन यील बघाया?"

ते समजावण्यात दिवस गेला. शेवटी म्हातारीने तोड काढली. यायचं तर या, नाचायचं तर नाचा, पण जमिनीत एकही खुंटी ठोकायची नाही. ठोकली तर त्याच दिवशी सगळ्यांनी चालतं व्हायचं. ह्यांनी कंपनीच्या वतीने मान्य केलं. कंपनीची माणसं नंतर यांच्यावर चिडली ती त्याचमुळे.

कारण कंपनी आली ती तंबू घेऊन. आणि खुंटीशिवाय तंबू उभा करायचा म्हणजे काय ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. दोर मोठमोठ्या धोंड्यांना बांधले, झाडांना बांधले, एक तर बैलगाडीच्या चाकाला बांधला. दुपारी पाण्यावरून वारा सुटला आणि राजकन्येचा तंबू धोंड्यांसकट सरकत सरकत निघाला. राजकन्या आत होती. गावातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. राजाचं सैन्य म्हणून गावातलीच माणसं घेतली होती. ती भाले घेऊन खिंडीत धावायची आणि परत येताना वाट वाकडी करून जमीन बघून यायची, कुठे काही पुरलंय का म्हणून. म्हातारी रोज येऊन त्याच जागी बसायची.

"आता तरी पटलं ना, आजी?" मी तिला विचारलं. "नुसता खेळ आहे."

"खेळच हाय," ती म्हणाली. "पर ह्या खेळवाल्यांनी दाखवलं म्हंजी ही खिंड सगळ्या मुलखाला दिसनार. त्यात एखादा भिंत बांधनारा नसंल कशावरनं?"



हे मुंबईला गेले. मीच जा म्हटलं. भांडण मिटलं होतं म्हणून नव्हे. रोज यांचा जड चेहरा बघण्यापेक्षा ते बरं, म्हणून. स्टुडिओ बंद ठेवायचा असं यांचं म्हणणं होतं. मी बंद ठेवला नाही. कॅमेरा कसा चालतो ते मला सगळं येत होतं, फक्त त्याच्या मागे कधी उभी राहिले नव्हते.

सुरुवातीला कुणी येईना. पुरुष दारापर्यंत यायचे, मला बघायचे आणि मालक केव्हा येणार ते विचारून परत जायचे. गल्लीतल्या लोकांनी नवऱ्याने टाकली असं बोलायला सुरुवात केली होती. मग एके दिवशी दारात पडदा लावलेला टांगा येऊन थांबला. मालेगावकडच्या एका मुसलमान घरच्या बायका होत्या, नाशकात नातेवाइकांकडे लग्नाला आलेल्या. बाई फोटो काढते हे त्यांच्या कानावर गेलं होतं. सासू, दोन सुना आणि एक लग्न ठरलेली मुलगी, सगळ्या बुरख्यात.

सासूबाई दारातच थांबल्या. "अंदर कोई मर्द तो नहीं?"

"नाही. मी एकटीच आहे."

त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी पडद्यामागे जाऊन बघितलं. प्लेटा धुवायची अंधारी खोली उघडायला लावली आणि लाल दिव्याच्या उजेडात कोपरे बघितले. टेबलाखाली वाकून बघितलं. "ये काँच किसके सामने है?" त्यांनी छपराकडे बोट दाखवून विचारलं. मी सांगितलं, वर फक्त आभाळ आहे, शेजारचं घर उंच नाही. त्यांनी सुनेला पाठवून बाहेरून खात्री करून घेतली. मग प्लेटचं काय करणार, छाप कोण काढणार, कोण बघणार, हे सगळं विचारलं. मला त्याचा राग आला नाही. मी प्रत्येक गोष्ट उघडून दाखवली, काही झाकून ठेवलं नाही, आणि प्लेट छापांबरोबर त्यांच्याच हातात देईन म्हणून सांगितलं.

शेवटी त्यांनी स्वतः दाराला कडी घातली, कडी ओढून पाहिली आणि मुलीला म्हणाल्या, "चल, नकाब उठा."

मुलीने तोंडावरचं कापड वर केलं. सोळासतरा वर्षांची असेल. ती माझ्याकडे न बघता भिंगाकडे बघत होती, आत कुणी बसलंय की काय अशी. मी काळं कापड डोक्यावर घेतलं. काचेवर ती उलटी दिसली, डोकं खाली आणि मेंदीचे हात वर. मी कापड बाजूला केलं आणि तिला जवळ बोलावलं.

"आधी तू बघ," मी म्हटलं. "आत उलटं दिसतं. घाबरू नकोस."

तिने आपल्या भावजयीला खुर्चीवर बसवलं, कापडाखाली शिरली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. आतून तिच्या हसण्याचा आवाज येत होता.